नऊपैकी पाच: मनोविकाराचं निदान ठरतं तरी कसं?

दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. पहिला माणूस सतत दुःखी असतो. अन्न गोड लागत नाही, महिन्याभरात वजन उतरलंय, पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. आपल्यामुळे घरच्यांचं वाटोळं झालं, ही टोचणी दिवसभर मनाला लागलेली असते आणि मरणाचे विचार डोक्यातून हलत नाहीत. दुसऱ्याला विचारलंत, तर तो म्हणेल, ‘दुःख वगैरे काही नाही हो.’ त्याला कशातच गोडी उरलेली नाही, एवढंच. तो दिवसाचे बारा-चौदा तास झोपतो. उठला तरी अंगात त्राण नसतं. चालणं-बोलणं इतकं मंदावलंय, की समोरच्यालाही ते जाणवावं. साधी बातमी शेवटपर्यंत वाचायची, तर तीन वेळा पहिल्या ओळीवर यावं लागतं.

दोघांच्या केसपेपरवर एकच शब्द लिहिला जाऊ शकतो: नैराश्य, म्हणजे डिप्रेशन. आणि नियमाप्रमाणे तो दोन्हीकडे बरोबर असेल.

हे कसं, ते सांगतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची निदानपुस्तिका, म्हणजे डीएसएम, नैराश्याची नऊ लक्षणं देते: उदास मन, कशातच रस न वाटणं, भूक किंवा वजनात फरक, झोपेत बिघाड, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थ येरझाऱ्या, थकवा, अपराधीपणा किंवा आपण कवडीमोल आहोत असं वाटणं, लक्ष न लागणं, मरणाचे विचार. या नऊपैकी किमान पाच हवीत, त्यांत पहिल्या दोनपैकी एक तरी हवं आणि हे सगळं कमीत कमी दोन आठवडे जवळजवळ रोज असायला हवं. गणित मांडलं, तर या अटी पूर्ण करणाऱ्या २२७ वेगवेगळ्या जुळण्या होतात. आता आपली दोन माणसं पुन्हा पाहा. दोघांना पाच-पाच लक्षणं आहेत आणि त्यांतलं सामाईक लक्षण एकच: झोपेतला बिघाड. तोही एकाचा असा, की झोपच नाही आणि दुसऱ्याचा असा, की झोप संपतच नाही.

मनोविकारांच्या निदानाबद्दल जे काही अवघड आहे, ते बरंचसं या दोन माणसांत सामावलेलं आहे.

नाव आणि कारण

हाड मोडलंय, असं डॉक्टर म्हणतात, तेव्हा निदानातच कारण असतं. पाय दुखतो, कारण हाड मोडलंय. एक्स-रेत ती चीर दिसते. क्षयरोग म्हटलं, की त्यामागे एक जंतू असतो, थुंकीत तो सापडतो. मनोविकारांच्या बाबतीत बहुतेक वेळा असं नसतं. तो उदास का आहे? कारण त्याला नैराश्य आहे. नैराश्य आहे हे कशावरून? कारण तो उदास आहे, झोपत नाही, जेवत नाही. आपण गोल फिरून जागेवर आलो! ‘नैराश्य’ हा शब्द लक्षणांमागे दडलेल्या एखाद्या वस्तूचं नाव नाही. एकत्र दिसणाऱ्या लक्षणांच्या पुंजक्याला दिलेलं ते नाव आहे.

याचा अर्थ ते नाव पोकळ आहे, असा कोणी काढू नये. तापाचे प्रकार आधी नुसत्या निरीक्षणावरूनच वेगळे केले गेले, जंतू नंतर सापडले. पुंजका नीट ओळखता आला, तर पुढे काय होईल, कोणतं औषध लागू पडेल, कशाला जपायचं, हे बरंचसं सांगता येतं. पण ‘तुम्हाला अमुक विकार आहे’ हे ऐकल्यावर अनेकांना कारण कळल्याचं जे समाधान मिळतं, त्याला आधार नसतो. कळलेलं असतं ते फक्त नाव.

शास्त्राच्या इतिहासात या संदर्भात एक गमतीदार गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकात वेड्यांच्या इस्पितळांत ‘जनरल पॅरेसिस’ नावाच्या आजाराचे खूप रुग्ण असत. मोठेपणाचे भन्नाट भ्रम, मग बुद्धीचा ऱ्हास, मग लुळेपणा आणि मृत्यू. १९१३ मध्ये नोगुची आणि मूर या दोघा संशोधकांनी अशा रुग्णांच्या मेंदूत सिफिलिसचा जंतू दाखवला. पुढे पेनिसिलीन आलं आणि हा आजार मनोविकारांच्या जगातून जवळपास नाहीसाच झाला. तो संसर्गजन्य रोगांच्या खात्यात गेला. कारण पक्कं सापडलं, की तो आजार मनोविकार राहत नाही, दुसऱ्या विभागात जातो. त्यामुळे मनोविकारांच्या यादीत उरतात ते बहुतेक असे, ज्यांचं एकच एक कारण हाती लागलेलं नाही. या यादीवर ‘तुमच्याकडे रक्ताची चाचणी कुठंय?’ असा आरोप करताना हे लक्षात ठेवलं, तर बरं.

एक डॉक्टर, एक टेबल, खूप चिठ्ठ्या

मग पुंजके ओळखायचे कसे? जर्मनीतल्या एमिल क्रेपेलिन यांनी यासाठी जी युक्ती केली, ती आजही टिकून आहे. त्यांनी प्रत्येक रुग्णाची एक चिठ्ठी केली. तिच्यावर सुरुवात कशी झाली, लक्षणं काय होती आणि पुढे काय झालं, हे लिहायला सुरुवात केली. महत्त्वाचं होतं ते ‘पुढे काय झालं’. आज दोन रुग्ण सारखेच बरळताना दिसतील. पण एक काही महिन्यांनी बरा होऊन कामावर जाईल, पुन्हा दोन वर्षांनी आजारी पडेल आणि पुन्हा बरा होईल, तर दुसरा हळूहळू खचत जाईल. आजच्या दृश्यावर न जाता संपूर्ण प्रवासावरून विभागणी करायची, असं त्यांनी ठरवलं. १८९९ मधल्या त्यांच्या पाठ्यपुस्तकाच्या आवृत्तीत दोन मोठे गट ठळकपणे समोर आले: खचत नेणारा एक आणि उधाण-ओहोटीसारखा येऊन-जाऊन राहणारा दुसरा. ढोबळमानाने पहिला म्हणजे आजचा स्किझोफ्रेनिया आणि दुसऱ्यातून पुढे बायपोलर (ज्यात उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येतात) आणि नैराश्य असे फाटे फुटले.

‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव क्रेपेलिन यांचं नाही. ते १९०८ मध्ये स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलर यांनी दिलं. ग्रीक धातूंवरून त्याचा अर्थ होतो मनाचं फाटणं. विचार, भावना आणि कृती यांची एकमेकांशी असलेली सांधेजोड निखळते, असं त्यांना म्हणायचं होतं. मराठीत ‘छिन्नमनस्कता’ हा चांगला प्रतिशब्द आहे. पण दोन्ही शब्दांनी एक घोटाळा केला. एका शरीरात दोन माणसं राहतात, असा त्याचा अर्थ लोक सर्रास घेतात. तो पूर्ण वेगळा प्रकार आहे आणि त्याचा छिन्नमनस्कतेशी संबंध नाही.

क्रेपेलिन यांच्या युक्तीतून एक व्यावहारिक गोष्ट निघते. रुग्णाच्या नातेवाइकांना ती कुणीतरी आधीच सांगायला हवी. निदान हा एका दिवसाचा फोटो नसतो. बायपोलर विकार असलेल्या कित्येकांचा पहिला झटका नैराश्याचा असतो. त्या वेळी कितीही हुशार डॉक्टर ‘नैराश्य’च लिहील आणि ते चूक नसेल. तीन वर्षांनी तोच माणूस रात्र-रात्र जागून हजार योजना आखू लागतो, असेल-नसेल तो पैसा उधळतो, एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारत अखंड बोलत सुटतो, तेव्हा कागदावरचा शब्द बदलतो. ‘आधीच्या डॉक्टरला कळलंच नाही’ असं घरचे म्हणतात. पण तेव्हा कळण्यासारखं काही घडलेलंच नव्हतं. आणि इथे नाव बदलणं म्हणजे नुसती लेबलाची अदलाबदल नसते. बायपोलरच्या माणसाला एकटं नैराश्यविरोधी औषध दिलं, तर त्याचं मन उन्मादाकडे झुकण्याचा धोका असतो. त्याला मूड स्थिर ठेवणारं औषध लागतं. लिथियमचा त्यासाठी उपयोग होतो, हे १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी दाखवलं. म्हणून नैराश्य घेऊन आलेल्या माणसाला चांगला डॉक्टर हमखास विचारतो: याच्या उलट कधी झालं होतं का? झोप कमी होऊनही जोर वाढल्यासारखा काळ आठवतो का? घरात कुणाला?

दोन शहरं, एकच रुग्ण

विसाव्या शतकाच्या मध्यावर एक विचित्र आकडा लोकांच्या नजरेत भरू लागला. अमेरिकेतल्या इस्पितळांत स्किझोफ्रेनियाचे रुग्ण भरमसाट, ब्रिटनमध्ये त्या मानाने कमी. ब्रिटनमध्ये उन्माद-नैराश्याचे जास्त. लोकच वेगळे होते, की डॉक्टर? तपासण्यासाठी न्यूयॉर्क आणि लंडनमधल्या रुग्णांना एकाच पद्धतीने, ठरलेले प्रश्न विचारून तपासलं गेलं. बराचसा फरक विरघळून गेला. १९७१ मध्ये रॉबर्ट केंडेल आणि सहकाऱ्यांनी तर रुग्णांच्या मुलाखतींच्या चित्रफिती दोन्ही देशांतल्या डॉक्टरांना दाखवल्या. त्यातल्या एका रुग्णाला ६९ टक्के अमेरिकन डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया म्हटलं. ब्रिटिश डॉक्टरांपैकी तसं म्हणणारे होते २ टक्के. म्हणजे त्या माणसाने विमानाने अटलांटिक ओलांडला असता, तर त्याचा आजार प्रवासातच बदलला असता!

(याच काळातला, खोटे रुग्ण इस्पितळात पाठवून डॉक्टरांना फसवल्याचा १९७३ चा एक प्रयोग फार प्रसिद्ध आहे. तो मी मुद्दाम बाजूला ठेवतोय. त्याच्या नोंदींवर पुढे गंभीर शंका घेतल्या गेल्या आणि मुद्दा सिद्ध करायला वरचा अभ्यास पुरेसा आहे.)

या नामुष्कीतून आजची पद्धत जन्मली. डीएसएमची पहिली आवृत्ती १९५२ ची, दुसरी १९६८ ची. दोन्हींत विकारांची वर्णनं परिच्छेदासारखी होती आणि प्रत्येक डॉक्टर ती आपापल्या परीने वाचत असे. १९८० मध्ये रॉबर्ट स्पिट्झर यांच्या नेतृत्वाखाली तिसरी आवृत्ती आली आणि सगळं बदललं. कारणांबद्दलचे सिद्धान्त बाजूला ठेवले गेले. त्यांच्या जागी मोजता येतील अशा अटी आल्या: इतकी लक्षणं, इतके दिवस, यातलं एक असलंच पाहिजे, अमुक असेल तर हे निदान नाही. नऊपैकी पाच हे प्रकरण या विचारातूनच आलेलं आहे. पाचच का, चार किंवा सहा का नाहीत, याचं उत्तर निसर्गात सापडत नाही. तज्ज्ञांनी जमून, उपलब्ध अभ्यास पाहून, काही वेळा वाद घालून तो आकडा ठरवला.

जगात चालणारी दुसरी यादी म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी. ती सगळ्याच आजारांची आहे. मनोविकारांचा विभाग तिच्या सहाव्या आवृत्तीत, १९४८ मध्ये आला. सध्याची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. दोन्ही याद्या बऱ्याच जुळतात. पण डीएसएम अटी मोजायला लावते, तर आयसीडीची डॉक्टरांसाठीची मार्गदर्शिका वर्णन देऊन थोडी मोकळीक ठेवते.

एकमत म्हणजे सत्य नव्हे

इथे दोन शब्द नीट वेगळे करायला हवेत. पहिला विश्वसनीयता: दोन डॉक्टरांनी एकाच रुग्णाला तपासलं, तर एकच निदान होतं का? दुसरा वैधता: त्या निदानाने जगातली खरीखुरी काही गोष्ट पकडली आहे का?

समजा, मी एक नवा विकार जाहीर केला: ज्यांचं नाव ‘क’पासून सुरू होतं आणि जे चष्मा वापरतात, अशा लोकांना होणारा. कोणतेही दोन डॉक्टर या निदानावर शंभर टक्के एकमत होतील. विश्वसनीयता अफाट. पण या निदानावरून त्या माणसाचं पुढे काय होईल, कोणतं औषध चालेल, त्याच्या भावंडांना काय धोका आहे, यातलं काहीही सांगता येणार नाही. वैधता शून्य. अटी काटेकोर केल्या, की एकमत वाढतं. पण अटींमध्ये पकडलेली गोष्ट खरी असेलच, याची हमी त्यातून मिळत नाही.

वैधता तपासायची कशी, याचं उत्तर १९७० मध्ये एली रॉबिन्स आणि सॅम्युएल गुझे या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी दिलं. लक्षणांचं स्पष्ट चित्र हवं, प्रयोगशाळेतली काही खूण मिळाली तर हवी, इतर विकारांपासून सीमा वेगळी करता आली पाहिजे, वर्षांनंतर पाहिलं तर रुग्णांची वाटचाल सारखी दिसली पाहिजे आणि तो विकार कुटुंबात चालत आलेला दिसला पाहिजे. पाचही कसोट्यांना पूर्ण उतरणारी नावं फारशी नाहीत. प्रयोगशाळेच्या कसोटीवर तर बहुतेक सगळीच अडकतात.

आणि एकमताचं तरी काय? डीएसएमची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये आली. तिच्या आधी प्रत्यक्ष दवाखान्यांत चाचण्या झाल्या. वेगवेगळ्या डॉक्टरांनी एकाच रुग्णाला स्वतंत्रपणे तपासलं. योगायोगाने होणारं एकमत वजा करून उरलेलं एकमत ‘कॅप्पा’ नावाच्या आकड्याने मोजतात. ० म्हणजे नुसता नाणेफेकीचा खेळ, १ म्हणजे संपूर्ण एकमत. आघातानंतरच्या तणावविकाराला ०.६७ मिळाले. स्किझोफ्रेनियाला ०.४६. आणि रोजच्या बोलण्यात सगळ्यांत जास्त येणाऱ्या नैराश्याला ०.२८. आपली सुरुवातीची दोन माणसं आठवली, तर या आकड्याचं फारसं आश्चर्य वाटू नये. इतक्या वेगवेगळ्या माणसांना एकाच छत्रीखाली घेतलं, की छत्रीची कड कुठे संपते, यावर वाद होणारच. डॉक्टरांनी ठरलेले प्रश्न क्रमाने विचारत मुलाखत घेतली, तर एकमत वाढतं. पण रांगेत वीस माणसं बसलेली असताना तशी मुलाखत क्वचितच होते.

लक्षण असलं म्हणजे विकार झाला का?

नाही. आणि मला वाटतं, सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच होतो. दोनदा कुलूप ओढून पाहणारा माणूस हसत-हसत ‘मला ओसीडी आहे’ म्हणतो. ओसीडी, मराठीत मंत्रचळ, म्हणजे ते नव्हे. मंत्रचळ असलेल्या माणसाचे रोजचे दोन-दोन, चार-चार तास त्या धुण्यात, तपासण्यात, मोजण्यात जातात. आपण करतोय ते निरर्थक आहे, हे बहुधा त्याला कळत असतं आणि तरी थांबता येत नाही. लक्षण किती काळ आहे, किती तीव्र आहे, त्याने माणूस किती होरपळतोय आणि काम, नाती, शिक्षण यांत काय अडलंय, हे पाहिल्याशिवाय ‘विकार’ हा शब्द वापरायचा नसतो.

पण यावरही एक तिरका प्रश्न आहे. होरपळ आणि अडचण तर माणसाला इतर कारणांनीही होते. समाजच एखाद्याला छळत असेल, तर? १८५१ मध्ये अमेरिकेतल्या सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने मालकाकडून पळून जाणाऱ्या गुलामांच्या ‘आजारा’ला ड्रॅपेटोमेनिया असं भारदस्त नाव दिलं होतं. स्वातंत्र्याची ओढ हा आजार! सोव्हिएत संघात सरकारशी मतभेद असणाऱ्यांना ‘सुस्त स्किझोफ्रेनिया’ हे निदान लावून इस्पितळात डांबलं गेलं. समलैंगिकता अमेरिकन यादीतून विकार म्हणून १९७३ मध्ये काढली गेली आणि जागतिक यादीतून १९९० मध्ये. या तिन्हींत फरक आहेतच. पण तिन्हींत ‘लोकांना चालत नाही’ या गोष्टीला ‘माणूस आजारी आहे’ असं म्हटलं गेलं.

अमेरिकन अभ्यासक जेरोम वेकफिल्ड यांनी १९९२ मध्ये यावर एक व्याख्या मांडली, जी मला अजूनही सगळ्यांत कामाची वाटते. विकार म्हणायला दोन गोष्टी एकत्र हव्यात: माणसाला अपाय होत असला पाहिजे आणि मनाची एखादी यंत्रणा तिचं नैसर्गिक काम करेनाशी झाली पाहिजे. नुसता अपाय पुरत नाही. पळून गेलेल्या गुलामाला अपाय होतो, पण त्याच्या मनाची यंत्रणा ठणठणीत असते. अडचण एवढीच, की मनाच्या यंत्रणांचं ‘नैसर्गिक काम’ नेमकं काय, हे ठरवणंही सोपं नाही. भीती हे मनाचं काम आहेच. किती भीती म्हणजे बिघाड?

तपासणीच्या खोलीत

व्यवहारात डॉक्टर काय करतो? बोलतो, ऐकतो, पाहतो. पेहराव, नजर, बोलण्याचा वेग, विचारांची साखळी तुटते का, मूड, भास, भ्रम, स्मरणशक्ती, आणि आपल्याला काही त्रास आहे याची रुग्णाला स्वतःला कितपत जाणीव आहे, हे सगळं तो टिपत असतो. घरच्या माणसाशी वेगळं बोलतो, कारण उन्मादातला माणूस स्वतःला कधी नव्हे इतका उत्तम समजत असतो.

भास आणि भ्रम हे दोन शब्द बोलण्यात एकच होऊन जातात, म्हणून जाता-जाता: नसलेला आवाज ऐकू येणं हा भास, आणि पुरावा दाखवूनही न हलणारी, त्या माणसाच्या समाजातही कुणी मानत नाही अशी खोटी खात्री हा भ्रम. जर्मन मनोविकारतज्ज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९१३ मध्ये सांगितलं, की अशा अनुभवांत आशय आणि आकार वेगळे पाहा. आशय काळाप्रमाणे बदलतो. कधी सैतान पाठलाग करतो, कधी रेडिओलहरी, कधी फोनमधली चिप. आकार तोच राहतो: माझ्यावर कुणीतरी पाळत ठेवून आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. निदान आकारावरून होतं. एखाद्याची श्रद्धा आपल्याला विचित्र वाटली, तरी ती त्याच्या सगळ्या समाजाची असेल, तर तिला भ्रम म्हणत नाहीत.

मग शरीर तपासायचं. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण वगळला तर माणूस जाऊ शकतो. थायरॉइड मंदावला, तर नैराश्यासारखं चित्र दिसतं. जोरात चालला, तर चिंताविकारासारखं. बी-१२ ची कमतरता, स्टेरॉइडची औषधं, दारू सोडल्यानंतरचे दिवस, इतर नशा, फिट्स, मेंदूतली गाठ यांपैकी कशानेही मनाची लक्षणं येऊ शकतात. विशेषतः वयस्कर माणूस एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलू लागला, तर त्याला आधी ताप, लघवीचा संसर्ग, औषधांचा परिणाम यासाठी तपासायचं. असा अचानक आलेला गोंधळ, म्हणजे डिलिरियम, हा मेंदूवर आलेला तातडीचा शारीरिक प्रसंग असतो, त्याला ‘वय झालं’ म्हणून सोडून द्यायचं नसतं.

इंटरनेटवरच्या प्रश्नावल्यांबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी जगभर वापरतात. ० ते २७ गुण, १० किंवा जास्त आले तर पुढे तपासा. २००१ च्या मूळ अभ्यासात नैराश्य असलेल्या १०० पैकी ८८ जणांना तिने पकडलं आणि नसलेल्या १०० पैकी ८८ जणांना बरोबर सोडून दिलं. ऐकायला झकास. आता समजा, १००० लोकांनी ती भरली आणि त्यातल्या ५० जणांना खरंच नैराश्य आहे. ५० पैकी ४४ सापडतील. उरलेल्या ९५० पैकी १२ टक्के, म्हणजे ११४ जण, विकार नसतानाही १० च्या वर जातील. १५८ जण घाबरून बसतील आणि त्यांतल्या ४४ जणांनाच, म्हणजे चारात साधारण एकाला, नैराश्य असेल. प्रश्नावली वाईट नाही. ती चाळणी आहे. चाळणीत अडकलेल्याला पुढे कुणीतरी हाताने निवडायचं असतं, ते काम फोनवर होत नाही.

भिंती की उतार?

सगळ्या याद्या भिंती घालतात: अलीकडे विकार, पलीकडे निरोगी. पण दुःख, भीती, संशय, लक्ष भरकटणं हे सगळ्यांतच कमी-जास्त असतं. रक्तदाबासारखं. तिथेही भिंत माणसांनीच घातली आहे. २०१७ मध्ये अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांनी उच्च रक्तदाबाची रेघ १४०/९० वरून १३०/८० वर आणली आणि लाखो लोक एका रात्रीत, काहीही न बदलता, रुग्ण झाले. म्हणून रक्तदाब खोटा ठरत नाही. उपचार करायचा की नाही, याला हो किंवा नाही असं उत्तर द्यावं लागतं, म्हणून उतारावर कुठेतरी रेघ मारावी लागते.

भिंतींबद्दल दुसरी तक्रार अशी, की त्या गळतात. नैराश्य असलेल्यांपैकी पुष्कळांना चिंताविकारही असतो. दोन आजार इतक्या वेळा हातात हात घालून येतात, तेव्हा ते दोन आहेत की आपण एकालाच मधोमध चिरलंय, अशी शंका येतेच. जनुकांच्या अभ्यासातून तर असं दिसलं, की स्किझोफ्रेनिया आणि बायपोलरचा आनुवंशिक धोका बऱ्याच अंशी सामाईक आहे. म्हणजे क्रेपेलिन यांनी इतक्या मेहनतीने वेगळे केलेले दोन ढीग मुळाशी गुंतलेले निघाले. २०१३ मध्ये, डीएसएमची पाचवी आवृत्ती येण्याच्या काही आठवडे आधी, अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचे तेव्हाचे संचालक थॉमस इन्सेल यांनी जाहीर केलं, की संस्था संशोधनात या खणांपासून दूर जाईल आणि भीती, स्मृती, बक्षिसाची ओढ अशा मूळ यंत्रणांचा अभ्यास करेल. संशोधनासाठी ते ठीकच. मात्र दवाखान्यात समोर बसलेल्या माणसाला ‘तुमची बक्षिसाची यंत्रणा मंद आहे’ असं सांगून अजून तरी भागत नाही.

उताराची कल्पना पूर्णपणे स्वीकारलेला एक विभाग आहे. आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीने व्यक्तिमत्त्व विकारांचे जुने दहा-बारा प्रकार जवळजवळ मोडीत काढले. आता आधी विचारायचं, बिघाड किती: सौम्य, मध्यम, की तीव्र? मग त्याचा रंग कोणता, हे पाहायचं. आपण ‘सीमारेषेवरचा’ (बॉर्डरलाइन) म्हणून ओळखतो तो एक प्रकार तेवढा वेगळ्या शेऱ्यापुरता ठेवला आहे. स्वमग्नतेचंही (ऑटिझमचंही) असंच झालं. तिच्या सौम्य रूपाचं ॲस्पर्जर हे वेगळं नाव दोन्ही याद्यांतून गेलं आणि एकच वर्णपट उरला. त्या नावाशी आपली ओळख बांधलेल्या अनेकांना ते आवडलं नाही. निदान हे वर्णन असलं, तरी एकदा मिळालं, की माणसं त्यात राहायला लागतात.

शेवटी शोकाबद्दल, कारण रेघ मारण्याची सगळी अडचण तिथे उघडी पडते. डीएसएमच्या चौथ्या आवृत्तीत सूट होती: जवळचं माणूस जाऊन दोन महिने व्हायच्या आत लक्षणं दिसली, तर साधारणपणे नैराश्य म्हणायचं नाही. पाचव्या आवृत्तीने ती सूट काढली. शोकातल्या माणसालाही खरं नैराश्य येऊ शकतं आणि त्याला उपचार नाकारू नयेत, हे त्यामागचं कारण. आता शोकाचाच आजार करणार, असा त्यावर ओरडा झाला. मग ‘दीर्घकाळ रेंगाळणारा शोकविकार’ हे वेगळं निदान आलं. आयसीडीप्रमाणे त्यासाठी किमान सहा महिने जावे लागतात. डीएसएमच्या २०२२ च्या सुधारित आवृत्तीप्रमाणे मोठ्या माणसांसाठी किमान बारा.

नवरा जाऊन आठ महिने झालेली बाई डॉक्टरसमोर बसली आहे. रोज, दिवसभर, त्याच्याशिवाय दुसरा विचार नाही. एका पुस्तकाप्रमाणे तिला विकार असू शकतो, दुसऱ्याप्रमाणे अजून नाही. ही दोन्ही पुस्तकं एकाच गोष्टीची आठवण करून देतात: तिच्या समाजात, तिच्या धर्मात, तिच्या घरात शोक कसा आणि किती दिवस करतात, ते आधी विचारा. म्हणून डॉक्टर कॅलेंडर बाजूला ठेवतो आणि विचारतो: झोप लागते का? त्याच्या वस्तूंना हात लावता येतो का? कुणी भेटायला आलं, तर दार उघडता का? त्याच्यामागे जावं, असं वाटतं का? शेवटच्या प्रश्नाला ती उत्तर द्यायला जरा वेळ घेते. त्यामुळे निदानाचा रकाना कोरा राहतो, पण पुढच्या भेटीची तारीख आठ दिवसांनंतरची पडते आणि बाहेर बसलेल्या तिच्या बहिणीला आत बोलावलं जातं.